इवल्या पिल्लांना खायला काय घालता?

आमच्या बोडीवर, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायच्या छोट्या तळ्यावर, कुणी आलं की पाण्यात वाकून हमखास विचारतं, "एवढ्याशा पिल्लांना खायला काय घालता?" काही जण तर मुरमुरे घेऊनच येतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पहिले तीनेक दिवस काहीच घालावं लागत नाही. रोहू-कटल्याचं अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम ५-६ मिलिमीटरचं. पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर ते जगतं. पिशवी आटली की मात्र त्याच्या तोंडात मावेल असं जिवंत खाद्य पाण्यात हजर हवं. म्हणून जिरे, म्हणजे ही इवली पिल्लं, सोडायच्या आठ-दहा दिवस आधी बोडीत शेण पडतं. ते पिल्लांसाठी नसतं. शेणामुळे बारीक शेवाळ धरतं आणि शेवाळावर रोटिफर, मोइना, डॅफ्निया हे सूक्ष्म जीव वाढतात. काचेच्या ग्लासात ते पाणी घेऊन उन्हाकडे धरा. पांढुरके ठिपके झटके देत वर-खाली होताना दिसतील. तेच पिल्लांचं जेवण.

एका वर्षी पाणी छान नितळ दिसलं म्हणून मी शेण न टाकताच जिरे सोडले. आठवड्यात बोडी रिकामी. उपासमार तर होतीच, शिवाय उलटे पोहणाऱ्या किड्यांनीही पिल्लं फस्त केली. तेव्हापासून जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी तेल-साबणाचा तवंग देते, त्यानं ते किडे गुदमरून मरतात.

पंधरा-वीस दिवसांत पिल्लू इंचभर होतं. मग शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा निम्मा-निम्मा देते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी, होईपर्यंत प्रत्येकाची चव ठरलेली असते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यातले तेच सूक्ष्म जीव खात राहतो. रोहू मधल्या थरात शेवाळ आणि कुजकी पानं खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. एका बोडीत राहूनही कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

मरळीचं वेगळं. पावसाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठाशी तिच्या पिल्लांचा तांबूस थवा दिसतो, खाली आईबाप राखणीला. ही पिल्लं आधी सूक्ष्म जीव खातात, मग किडे, दुसऱ्यांची पिल्लं, आणि भूक भागली नाही तर आपलीच भावंडं. थवा राखत असलेली ही जोडी गळाला लावणारे पाहिले की जीव तुटतो. थवा तिथेच घुटमळत असतो आणि इतर मासे त्याच्यावर तुटून पडतात.