ऑफर लेटर आलं, पण राजीनामा कधी द्यायचा?

पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर मेलवर येतं. पगार, जॉइनिंगची तारीख सगळं वर असतं आणि खाली एक ओळ असते: बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन समाधानकारक झालं तरच ही ऑफर लागू. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडची किती तरी मुलं ती ओळ न वाचताच दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकतात. कृपा करून असं करू नका.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणजे तुम्ही दिलेल्या माहितीची तपासणी. आता, ती सगळी तपासणी संपल्यावरच राजीनामा देतो म्हटलं तर तेही जमत नाही. सध्याच्या नोकरीची खात्री बहुधा रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, मिळाल्यावरच करतात. म्हणून तपासणीचे दोन भाग धरा. शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, पत्ता आणि कोर्ट-पोलीस रेकॉर्ड आत्ता होऊ शकतं. सध्याची नोकरी मागाहून. पहिला भाग क्लिअर झाल्याचं एचआरकडून मेलवर लेखी घ्या आणि मगच राजीनामा द्या. फोनवरच्या 'काही प्रॉब्लेम येणार नाही' या वाक्यावर नोकरी सोडायची नसते.

फॉर्म भरताना सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का, असा प्रश्न येतो. तिथं 'आत्ता नको, रिलीव्ह झाल्यावर' असंच लिहा. घाईत 'हो' टिक केलं, तर तुमच्या साहेबांना बातमी तुमच्याआधी लागते.

काही कंपन्या राजीनामा मंजूर झाल्याचा मेल दाखवल्याशिवाय तपासणी सुरूच करत नाहीत. अशा वेळी आपली कागदपत्रं आपणच आधी तपासून घ्यावी लागतात. सुरुवात पीएफपासून करा. पीएफच्या साइटवर यूएएन, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, टाकून लॉगिन करा आणि सर्व्हिस हिस्टरी उघडा. प्रत्येक कंपनीचं नाव, रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि तुमच्या रेझ्युमेवरच्या तारखा शेजारी ठेवून ताडून बघा. आपल्याकडे हमखास अडकतं ते इथंच. काम फाउंड्रीत केलेलं असतं, पण पीएफ लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर भरलेला असतो. रेझ्युमेत फाउंड्रीचं नाव, रेकॉर्डला कॉन्ट्रॅक्टरचं. तपासणाऱ्याला ती खोटी माहिती वाटते. फॉर्ममध्येच 'अमुक कॉन्ट्रॅक्टरमार्फत, तमुक कारखान्यात' असं स्पष्ट लिहा आणि सोबत पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट जोडा. ट्रेनी म्हणून काढलेले पहिले महिने पीएफमध्ये नसतील तर तेही आधीच सांगा. आपण आधी सांगितलेली तफावत खुलासा ठरते. तीच त्यांनी शोधून काढली तर लपवाछपवी ठरते.

नावाचंही तसंच. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत काढून ठेवा. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र दोन्हींचे स्वच्छ स्कॅन द्या, सीट नंबर आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) वाचता आले पाहिजेत. पुसट स्कॅनमुळे फाइल परत येते आणि दिवस फुकट जातात.

पत्त्यासाठी माणूस घरी येतो किंवा मोबाईलवर लिंक येते. लिंक असेल तर लोकेशन चालू ठेवून त्याच घरातून फोटो द्यावा लागतो. पुण्यात रूमवर बसून कसबा बावड्याचा पत्ता सिद्ध होत नाही. घरी आईवडिलांनाही सांगून ठेवा, नाहीतर 'असा कोणी इथं राहत नाही' असं उत्तर देऊन ते माणसाला परत पाठवतात.

आता तारखेचा हिशोब. नोटीस 60 दिवसांची आणि राजीनामा 3 ऑगस्टला दिला, तर दुसऱ्या दिवसापासून मोजल्यास शेवटचा दिवस 2 ऑक्टोबर येतो, त्याच दिवसापासून मोजल्यास 1 ऑक्टोबर. 2 तारखेला गांधी जयंतीची सुट्टी, त्यामुळे लॅपटॉप-आयडी जमा करणं लटकतं. शेवटच्या दिवसाची तारीख एचआरकडून मेलवर ठरवून घ्या आणि नवीन जॉइनिंग त्यानंतर आठवडाभराने मागा. दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एका दिवसानेही एकमेकींवर चढल्या, तर पीएफमध्ये ते दिसतं.

राजीनाम्याचा मेल आणि त्याचं उत्तर ऑफिसचा मेल बंद होण्याआधी पीडीएफ करून ठेवा. जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या त्याच साइटवरच्या 'मार्क एक्झिट'मधून ती तुम्ही स्वतः भरू शकता.