लोंबणारी व्हॅक्यूम नळी नेमकी कुणाची? डिझेल टर्बोच्या कामाची नोंद

इंजिन 1.6 लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल डिझेल. टर्बो व्हीजीटी, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा; दांडीनं त्या पात्या हलवणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा. तक्रार अशी की 2500 आरपीएमच्या खाली पिकअपच नाही, वर गेल्यावर थोडी ओढते. स्कॅनरवर पी0299 हा कोड, म्हणजे बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) कमी. बॉनेट उघडल्यावर बॅटरीच्या ट्रेमागे एक बारीक, वीण असलेली नळी मोकळी लोंबत होती आणि सोलेनॉइडवर (व्हॅक्यूमची वाट उघडणारा-मिटणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नळी बसायची एक सोडून दोन निपल रिकामी होती.

काम बिघडतं ते याच टप्प्यावर. जिथे पोचते तिथे नळी खुपसली, कोड पुसला, गाडी बाहेर काढली, असं होतं. लांबी जुळली म्हणजे जागा जुळली असं नाही. नळी कुठली आणि निपल कुठलं, हे व्हॅक्यूम लावून ठरवायचं, नजरेनं नाही.

आधी व्यवस्था लक्षात घेऊ. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलमध्ये तो कामापुरता मिळत नाही. म्हणून कॅमशाफ्टच्या टोकाला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्याची जाड नळी ब्रेक बूस्टरला जाते आणि बारीक फाटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह व टी-जॉइंटमधून टर्बोच्या सोलेनॉइडला आणि ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) कूलरच्या बायपासला. सोलेनॉइड ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, हुकमानुसार व्हॅक्यूम मोजून मापून ॲक्च्युएटरला देतो. व्हॅक्यूम मिळाला की दांडी ओढली जाते, टर्बोच्या पात्या मिटतात आणि कमी आरपीएमलाही बूस्ट तयार होतो. व्हॅक्यूम नसेल तर पात्या उघड्याच राहतात. तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं.

पहिली तपासणी सोपी. एकानं स्टार्टर मारायचा, दुसऱ्यानं टर्बोच्या दांडीकडे बघायचं. चालू होताच दांडी वर ओढली जायला हवी. इथे ती जागची हलली नाही. मग आयडलवर लोंबत्या टोकाला बोट लावलं. ओढ सलग, एकसारखी, बोट चिकटून राहील अशी. म्हणजे ही पंपाकडून येणारी, पुरवठ्याची नळी. टोक ओढत नसतं, तर त्याच टोकाला हँड पंप (हातानं व्हॅक्यूम ओढणारा, काटा असलेला) लावून कुठली दांडी हलते ते बघितलं असतं.

ॲक्च्युएटरलाही हँड पंप थेट लावून घेतला. 4 इंच पाऱ्याला (व्हॅक्यूमचं माप) दांडी हलू लागली, 18 इंचांपर्यंत न अडखळता सरकली, एक मिनिट काटा जागेवर. डायफ्राम शाबूत, पात्याही काजळीनं अडकलेल्या नाहीत.

आता निपल. सोलेनॉइडला तीन असतात: पंपाकडचं, ॲक्च्युएटरकडचं आणि हवेचं. हवेच्या निपलवर फोमची छोटी टोपी असते. इथे ती गळून पडलेली, म्हणून दोन निपल सारखीच दिसत होती. अंगावरची अक्षरं तेलकट धुळीखाली गेलेली. करंट नसताना ॲक्च्युएटरचं आणि हवेचं निपल आतून एकमेकांना जोडलेली असतात, पंपाचं बंद असतं. कनेक्टर काढून हँड पंप एकेका रिकाम्या निपलला लावला. एकावर काटा टिकला, ते पंपाचं. दुसऱ्यावर ॲक्च्युएटरच्या निपलवर बोट ठेवलं तरच काटा टिकायचा, बोट काढताच शून्य. ते हवेचं. नंतर फडक्यानं पुसल्यावर अक्षरांनीही तेच सांगितलं.

ही अदलाबदल साधी समजू नका. पंपाची नळी हवेच्या निपलवर बसली, तर सोलेनॉइड बंद असतानाही पूर्ण व्हॅक्यूम ॲक्च्युएटरला जातो आणि पात्या कायम मिटलेल्या राहतात. खालून गाडी झकास उचलते, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पुढे बूस्ट मर्यादेबाहेर जातं, पी0234 (बूस्ट जास्त) येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू ताकद कापतो. टर्बोवरचा ताण वेगळाच.

सोलेनॉइडची कॉइल 15 ओहम निघाली. गरम इंजिनावर मोजलं तर आकडा 18 च्या आसपास दिसतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, तेवढ्यावरून सोलेनॉइड बदलू नये.

नळी बसवली आणि टी लावून गेज जोडला. पंपावर थेट 25.5 इंच, सोलेनॉइडपाशी फक्त 19. म्हणजे सुटलेलं टोक हा अर्धाच दोष होता, वाटेत कुठेतरी गळतीही होती.

गेजबद्दल इथल्यांसाठी एक गोष्ट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब 960 मिलिबारच्या आसपास. त्यामुळे इथे परिपूर्ण व्हॅक्यूमसुद्धा 28.3 इंचच दिसेल. मुंबईत 27 दाखवणारा पंप इथे 25.5 दाखवतो आणि तो ठणठणीत असतो. चावी ऑन, इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरचा आकडाही 1013 नव्हे, 960 च्या जवळ हवा.

गळती शोधायला स्प्रे मारू नका. ही लाइन इनटेकची नाही, त्यामुळे आरपीएम बदलून काहीच कळणार नाही आणि शेजारी तापलेला टर्बो आहे. नळीचा एकेक तुकडा सोडवून, एक टोक बंद करून हँड पंप लावला. ट्रेच्या वळणापाशी दोष सापडला. वरची सुती वीण अखंड, धागासुद्धा तुटलेला नाही. बोटांनी वाकवल्यावर आतलं रबर पापडासारखं मोडलं, तेव्हा लांबट चीर दिसली. उन्हाळ्यात 42-43 अंश बाहेर, वर टर्बोची धग. रबर आतून मरतं आणि वीण ते झाकते.

नवी नळी आतून 3.5 मिमी, जाड भिंतीची, वीण असलेली, एकूण सव्वा मीटर. फिश टँकची किंवा वायपरच्या पाण्याची नळी चालत नाही, गरम झाली की व्हॅक्यूमनं चपटी होते आणि वाट बंद. सिलिकॉन उष्णता सोसतं, पण पंपाकडच्या बाजूला ऑइलची वाफ असते, तिथे ते फुगतं. एक्झॉस्टपासून बोटभर तरी अंतर ठेवलं, वळण सैल ठेवलं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची दिशा फुंकून पाहिली: पंपाकडे हवा जायला हवी, उलट नाही.

आता सोलेनॉइडपाशी 25 इंच. तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरला 1500 आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन लॉग घेतला. 2000 आरपीएमला मागणी 2150 मिलिबार, प्रत्यक्षात 2120. आधी तिथेच 1300 च्या वर काटा जात नव्हता.

दोन कामं बाकी. हवेच्या निपलवर फोमची टोपी. आणि ऑइल-फिल्टर बदलणं, ठरलेले किलोमीटर न बघता आधीच. व्हॅक्यूम पंप ओढलेली हवा इंजिनातच सोडतो. नळी मोकळी लोंबत होती तितके दिवस त्यानं रस्त्याची धूळ ऑइलमध्ये ओढली आहे.