काच घासताना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलंत. आठवणी बाकीचे लिहितीलच. मी दुर्बिणीचा आरसा घासण्याबद्दल लिहितो. प्रयोगशाळेत पुन्हा कुणी काच हातात घेतली तर कामी येईल.

पहिला आरसा 150 मिमी व्यासाचा आणि 1200 मिमी नाभीय अंतराचा असावा. काच 25 मिमी जाड घ्या, पातळ काच दाबाखाली लवते. मधोमध खोली हवी ती जेमतेम 1.17 मिमी. सारख्या मापाच्या दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये 80 नंबरची कार्बोरंडम (काच झिजवणारी खरखरीत) पावडर आणि पाणी. वरची काच मागेपुढे सरकते तेव्हा तिचा मध्य खालचीच्या काठावर दाबला जातो, म्हणून वरची, म्हणजे आपला आरसा, खोलगट होते आणि खालची फुगीर. दर पाच-सहा घाशांनी काच थोडी फिरवायची आणि आपणही टेबलाभोवती पाऊलभर सरकायचं. यात आळस केला की दोन दिशांची वक्रता वेगळी होते आणि तारा ठिपक्याऐवजी लांबट दिसतो. काठाची धार आधीच 2 मिमी तिरपी मारून ठेवा. तिचा टवका उडून मध्ये शिरला तर ओरखडा ठरलेला.

पुढे क्रमाने बारीक होत जाणाऱ्या 120, 220, 400, 600 नंबरच्या पावडरी. घाई होते ती इथेच. 80 नंबरच्या पावडरीने पडलेला खड्डा 220 वर गेला नाही, तर पॉलिश करताना जाईल ही आशा सोडा; पॉलिशची पावडर, सेरियम ऑक्साइड, काच फारच कमी काढते. प्रत्येक टप्प्यानंतर भिंगातून तपासा, त्यातही काठाजवळ. नंबर बदलताना काच, बादली, फडकी, नखंसुद्धा धुवायची आणि खालचे कागद फेकायचे. जाड पावडरीचा एक कण मागे राहिला तर मागच्या टप्प्यावर परतावं लागतं.

पॉलिशसाठी खालच्या काचेवर पिचचा, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाचा, थर ओततात. पिच मंद आचेवरच वितळवा. जास्त तापलं की त्यातलं तेल उडून ते ठिसूळ होतं. गार झाल्यावर अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उमटावी, टवका उडू नये. कडक वाटलं तर थोडं टर्पेंटाइन घाला, अर्थात भांडं आचेवरून उतरवून. थरात चौकोनी चर पाडताना जाळी मध्यापासून मुद्दाम सरकवा, नाहीतर आरशावर गोल गोल उंचवटे उठतात. पिच संथपणे वाहत राहतं. म्हणून रोज कामाआधी आरसा त्यावर ठेवून वर वजन द्यायचं, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग पुन्हा जुळतात. मऊ पिच आणि लांब घासे एकत्र आले की काठ खाली झुकतो. हा दोष सगळ्यात चिवट, माझ्या मते ओरखड्यापेक्षा वाईट. ओरखडा नुसता दिसायला वाईट असतो.

तपासणी फूको यांनी 1858 मध्ये मांडलेल्या पद्धतीने. आरशापासून 2400 मिमीवर बारीक फटीतला दिवा आणि शेजारी ब्लेड. परतणारा प्रकाश ब्लेडने कापताना आरसा एकदम, सगळीकडे सारखा काळवंडला, तर त्याची वक्रता चेंडूच्या पृष्ठभागासारखी गोलाकार आहे. पॉलिशनंतर निदान तासभर थांबून मगच बघा. हाताच्या उबेने काच फुगलेली असते आणि नसलेले उंचवटे दिसतात.

पुस्तकं पुढे या वक्रतेचा पॅराबोला (परवलय) करायला सांगतात. या मापाला स्वच्छ गोलाकार आरशाची चूक प्रकाशलहरीच्या साधारण पाव भागाइतकीच राहते. पहिल्याच आरशाला पॅराबोलाच्या नादात काठ बिघडवण्यापेक्षा तिथेच हात थांबवून तो ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला पाठवावा.