डझ, डिड आणि उसाचा फड

पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधीची आम्ही लेकरं, चार रेघी वही आमच्या हातात थेट पाचवीला पडली. त्यात आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं ट्रकात संसार भरून साखर कारखान्यांकडं निघायची, ती शिमगा-पाडव्याच्या सुमाराला परत. तोडीच्या ठिकाणी मजुरांच्या लेकरांसाठी असते ती साखरशाळा आमच्या फडावर तरी नव्हती.

परतल्यावर इतिहास वाचून काढता यायचा, गणितही कसंबसं जुळायचं. इंग्रजीचं तसं नव्हतं. 'इज, अ‍ॅम, आर'वर सोडून गेलेलं पोर यायचं तोवर वर्ग भूतकाळ ओलांडून गेलेला असायचा. म्हणून सकाळची शाळा सुटली की इंग्रजीचे सर परतलेल्यांना लिंबाखाली बसवून घ्यायचे. मी त्यांतलीच.

पुस्तक बंद. जे दिसेल त्यावर वाक्य. हातातलं 'धिस इज अ डस्टर', लांबची घंटा 'दॅट इज अ बेल'. 'अ' की 'अ‍ॅन' ते कानानं ठरवायचं, अक्षर बघून नाही: 'अ‍ॅन अवर', पण 'अ युनिफॉर्म'. गणवेश निम्म्यांच्या अंगावर नव्हता, 'अ युनिफॉर्म' मात्र सगळ्यांना पाठ!

मग तेच वाक्य प्रश्नात, तेच नकारात. 'शी गोज टू स्कूल' म्हणणाऱ्या पोरीच्या हातात सर खडू द्यायचे. तो खडू म्हणजे शेवटचा 'एस'. दुसरं पोर 'डझ' होऊन पुढं आलं की खडू त्याच्याकडं जायचा, आणि पोरीनं नुसतं 'गो' म्हणायचं. 'डझ शी गो टू स्कूल?' खडू एकच, दोघांकडं कसा राहील? 'डिड'लाही हाच कायदा. 'डिड नॉट वेंट' म्हणणारे साहेब भेटतात, तेव्हा वाटतं, यांना कुणी लिंबाखाली बसवलंच नाही.

भूतकाळ आला की सर म्हणायचे, "तिकडं काय काय केलं ते सांगा रे." मग आम्ही सुटायचो. 'माय मदर गॉट अप अ‍ॅट थ्री.' 'वुई स्लेप्ट इन अ कोपी.' कोपी म्हणजे आमची फडावरची झोपडी. त्या शब्दाला सर अडले, डोकं खाजवून म्हणाले, "राहू दे, कोपीच म्हण." 'वुई कट शुगरकेन' तर फुकटात मिळालं, कारण 'कट' तिन्ही रूपांत तेच. क्रियापदांच्या तक्त्यात कट, पुट, शट आधी पाठ झाले. 'ब्रिंग-ब्रॉट'च्या स्पेलिंगनं मात्र जीव खाल्ला.

पाठांतराला हल्ली सगळेच नावं ठेवतात. मला ते पटत नाही. परक्या गोष्टी घोकल्या तर वाया जातात, हे खरं. आमची वाक्यं आमच्याच अंगावरची होती, म्हणून टिकली. एक उणीव मात्र राहिली. बोलायची सवय सरांपुरतीच होती. अंबाजोगाईला शिकायला गेले तर व्याकरण पक्कं आणि तोंड शिवलेलं, असं बरेच दिवस चाललं.

आता मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ड्यूटी संपताना रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो: 'पेशंट स्लेप्ट वेल. डिड नॉट टेक फूड.' नव्या पोरी इथंच अडखळतात, मी त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेते.

गावातून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, अजून जातात. मुख्याध्यापकांना माझं एवढंच सांगणं आहे, की मार्चातला तो वर्ग पुन्हा सुरू करा. माझी साप्ताहिक सुट्टी असेल त्या सकाळी मी येत जाईन. बोलायला शिकवायचं काम माझ्याकडं द्या.