बायोगॅस, कार्बन क्रेडिट आणि डेटा सेंटर: तीन दिवसांच्या परिषदेहून परतल्यावर

तीन दिवसांची परिषद आटोपून काल परतलो. जैवऊर्जा, कार्बन बाजार आणि कमी कार्बनची डेटा सेंटर असे तिन्ही विषय एकाच छताखाली होते. आमचा बायोगॅसचा प्रकल्प आहे आणि यंदा पहिल्यांदाच कार्बन क्रेडिटसाठी (एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन टाळल्याची, विकता येणारी नोंद) नोंदणी करायची आहे, म्हणून मुद्दाम गेलो. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांना उपयोग होईल असं बरंच हाती लागलं, ते विसरायच्या आत लिहून काढतोय.

उद्घाटनाचं सत्र चुकलं तरी काही बिघडत नाही. पहिली सकाळ प्रदर्शनाच्या दालनात घालवा. तेव्हा गर्दी नसते आणि स्टॉलवर प्रत्यक्ष प्लांट चालवणारी माणसं मोकळी सापडतात. एका बायोचारच्या, म्हणजे काडीकचरा कमी हवेत भाजून केलेल्या कोळशाच्या, स्टॉलवर मी पाऊण तास होतो. तिथल्या इंजिनिअरने दोन बरण्यांतले खडे तळहातावर ठेवले. दिसायला दोन्ही काळेच. भट्टीचं तापमान कमी ठेवलं तर बायोचार जास्त निघतो, पण तो जमिनीत तितका टिकत नाही, हे त्याने समजावलं. प्रयोगशाळेच्या अहवालात हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांच्या अणूंचं गुणोत्तर आधी बघायचं: ०.७ च्या वर असेल तर तो माल बायोचार म्हणून धरतच नाहीत, आणि ०.४ च्या खाली असेल तर टिकाऊपणाची खात्री बरीच वाढते. क्रेडिटचा दर या टिकाऊपणावर ठरतो, बरणीवरच्या लेबलवर नाही.

दुसऱ्या दिवशीचं कार्बन बाजाराचं सत्र मात्र अजिबात चुकवू नका. पॅरिस हवामान करारातल्या कलम ६ चे, म्हणजे देशांमधल्या कार्बन क्रेडिटच्या व्यवहाराचे, नियम २०२१ मध्ये ग्लासगोला ठरले आणि उरलेले बरेचसे २०२४ मध्ये बाकूला. त्यांचा गाभा एका प्रश्नात आहे: एका टनाची बचत नेमकी कोणाच्या खात्यात? समजा, आमचा गॅस एका डेटा सेंटरने हरित असल्याच्या प्रमाणपत्रासह घेतला आणि आपलं उत्सर्जन कमी दाखवलं. त्याच गॅसवर आम्ही क्रेडिट विकलं. आणि देशानेही तीच घट आपल्या उद्दिष्टात मोजली. गॅस एक, दावेदार तीन. क्रेडिट दुसऱ्या देशाच्या उद्दिष्टासाठी गेलं, तर विकणाऱ्या देशाला ती घट आपल्या हिशेबातून वजा करावी लागते. प्रमाणपत्र आणि क्रेडिट यांच्यातली दुहेरी मोजणी मात्र करार करताना आपणच थांबवायची असते.

हे मला दोन तास आधी कळायला हवं होतं. सकाळीच एका दलालाने कराराचा मसुदा दिला होता. दर चांगला, मुदत दहा वर्षं, नोंदणीचा खर्चही त्यांच्याकडे. सत्रानंतर तो पुन्हा वाचला, तर सातव्या पानावर ओळ होती: प्रकल्पाचे ‘सध्याचे आणि भविष्यातले सर्व पर्यावरणीय हक्क’ त्यांच्याकडे. म्हणजे उद्या हरित गॅसचं प्रमाणपत्र काढायचं म्हटलं तरी ते आमचं नसणार. कळकळीने सांगतो, परिषदेच्या ठिकाणी कशावरही सही करू नका. मसुदा घरी आणा आणि ‘हक्क’ हा शब्द जिथे जिथे आहे तिथे खूण करा.

डेटा सेंटरच्या सत्रांना मी थोडाच वेळ बसलो, पण तेवढंही कामाचं ठरलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. कोणी ‘शंभर टक्के हरित वीज’ म्हणालं की विचारा, हिशेब वर्षाचा की तासाचा? दुपारची सौर वीज वर्षाच्या बेरजेत रात्रीच्या वापरावर टाकता येते, तासाच्या हिशेबात नाही. रात्रीची ती तूट भरायला आमच्यासारखा साठवता येणारा गॅस लागतो. आमच्या मालाची खरी किंमत मला तिथे उमगली.

तिसऱ्या दिवशी प्लांटभेट. तिची नोंदणी वेगळी असते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा परिषदेची फी भरतानाच नाव घाला. बंद सेफ्टी शूज लागतात. चपला घालून आलेल्या दोघांना गेटवरूनच परत जावं लागलं.

तिथल्या ऑपरेटरने हातातला मिथेन डिटेक्टर डायजेस्टरच्या (शेण कुजवून गॅस बनवणाऱ्या बंद टाकीच्या) घुमटावर फिरवला, सगळं शांत. जादा दाब सोडणाऱ्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हपाशी तो किंचित वाजला. स्लरीच्या (गॅस काढून उरलेल्या पातळ राड्याच्या) उघड्या टाकीवर नेल्याबरोबर मात्र सलग वाजायला लागला. आम्ही सगळे गप्प. मी वहीत गणित मांडलं. एक किलो मिथेनने नैसर्गिक वायूची जागा घेतली तर सुमारे पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. तोच एक किलो हवेत निसटला तर शंभर वर्षांतली तापमानवाढ मोजण्याच्या मापाने त्याचा तडाखा सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. शेणातून एरवी सुटणारा मिथेन वाचल्याचा फायदा बाजूला ठेवला, तर दहा टक्क्यांच्या आसपास गळती झाली की सगळी कमाई गेली. वीस वर्षांच्या मापाने ही मर्यादा तीन-साडेतीन टक्क्यांवरच येते.

जाताना आपल्या प्लांटची माहिती एका पानावर नेलीत तर बोलणी भराभर पुढे सरकतात: रोजचा कच्चा माल, त्यातला ओलावा, गॅसमधलं मिथेनचं प्रमाण, प्लांटचा स्वतःचा वीजवापर. माझ्या पानावर गळतीचा आकडा नव्हता आणि तीन खरेदीदारांनी नेमका तोच विचारला. म्हणून नोंदणीचा अर्ज तूर्त थांबवलाय. डिटेक्टर सोमवारी येतोय. सुरुवात स्लरीच्या टाकीपासून.