आईचा ताप, माझी रजा

मंगळवार, रात्री उशिरा

ताप उतरलाय, पण पायांत जीव नाही. आईचा फ्लूचा ताप जाता जाता मला धरून गेला. कारण उघड आहे. पार्किन्सनच्या आजारामुळे तिचा आवाज आधीच बारीक, तापात तर नुसती कुजबुज. काय हवंय ते कळायला कान थेट तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. मास्क लावून लावून किती लावणार?

ताप आला की तिचे हातपाय जास्तच ताठरतात, गिळणं मंदावतं. पेज पातळ झाली तर ठसका, घट्ट झाली तर तोंडातच फिरत राहते. चमचा ओठाला टेकवायचा, थांबायचं, तिनं गिळलं की गळ्याकडे बघून खात्री करायची, मग पुढचा घास. वाटीभर पेजेला पाऊण तास. तिची गोळी ठरल्या वेळी, खाण्याआधी. उशीर झाला तर कूससुद्धा बदलता येत नाही. मला १०२ ताप होता तेव्हाही घड्याळ तेच. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण विश्रांती घ्या." बरं!

दादाचा बंगळुरूहून फोन, "अगं, बाई ठेव ना चोवीस तासांची." आहेत त्या मावशीच तापानं घरी. मी त्यांचा पगार कापला नाही, बाकीच्या दोन घरांनी कापला म्हणे.

ऑफिसची गंमत वेगळीच. आईच्या तापात माझ्या सीएल संपल्या, वर बिनपगारी पडली. मी स्वतः आडवी झाले तेव्हा मात्र मेडिकल सर्टिफिकेटवर भरपगारी रजा. साहेब म्हणाले, "आराम करा." त्या रजेत मी आईच्या चादरी धुतल्या. म्हणजे तिची काळजी घ्यायला मला रीतसर सवड मिळाली ती मी आजारी पडल्यामुळे.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा शाळा बंद, तोंडाला रुमाल, सगळं शहर धास्तावलेलं. तोच एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमध्ये जमा झालाय. भीती गेली हे चांगलंच, पण तिच्याबरोबर विचारपूसही गेली. "व्हायरल आहे गं, सगळीकडेच चालू आहे," एवढ्यावर विषय संपतो. लस दोघींनी घेतली होती. तरी फ्लू झालाच. पण प्रकरण न्यूमोनियापर्यंत गेलं नाही, यात लसीचाही हात असावा. विषाणू बदलत राहतो, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा घ्यायची.

उद्यापासून कामावर. आईचा ताठरपणा अजून पहिल्यासारखा सैलावलेला नाही, फिजिओच्या ताईंना शनिवारी बोलावलंय. मावशी येणार की नाही ते सकाळी सातला कळेल. नाही आल्या तर पहिली मीटिंग फोनवरून, स्वयंपाकघरातून.