झुरळे गेली, तरी खोकला थांबला नव्हता

गिरगावातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात झुरळे ही नवलाची गोष्ट नव्हती. परंतु सात वर्षांच्या मुलाच्या हातावर ॲलर्जीची चाचणी झाली आणि झुरळाच्या अर्काच्या थेंबापाशी सर्वांत मोठी गांधी उठली, तेव्हा त्याच्या रात्रीच्या खोकल्याचा धागा आमच्या ओट्याखाली जातो, हे मला प्रथमच कळले. झुरळाची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात यांतील प्रथिने घरच्या धुळीत मिसळून श्वासावाटे आत जातात, असे डॉक्टरांनी समजावले आणि दम्याचा पंप मात्र एकही दिवस चुकवू नका, असे बजावले.

त्याच रात्री मी घरभर फवारा मारला. ती माझी मोठी चूक होती, कारण त्या उग्र वासाने मुलाला धाप लागली आणि मध्यरात्री त्याला नेब्युलायझर द्यावा लागला.

त्यानंतर आम्ही झुरळे मारणाऱ्या विषारी जेलचा मार्ग धरला. कपाटांच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या मागची बाजू आणि सिंकखालचे कोपरे येथे मसुराएवढे ठिपके लावले. ते खाऊन झुरळ फटीत परतते व मरते, आणि त्याची विष्ठा किंवा कलेवर खाणारी इतर झुरळेही मरतात. घरात आढळणाऱ्या लहान, तपकिरी जातीच्या मादीच्या एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात, म्हणून महिन्याभराने पुन्हा जेल लावले. चिकट सापळ्यात पहिल्या रात्री तेवीस झुरळे सापडली होती, सहाव्या आठवड्यात दोनच. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही केवळ अशा जेलने दमेकरी मुलांचे त्रासाचे दिवस घटले होते, हे वाचून मला फार धीर आला.

तरीही खोकला रेंगाळत होता, कारण झुरळे मेल्यावरही ती प्रथिने कित्येक महिने धुळीत टिकतात. मग मुलाला शेजाऱ्यांच्या घरी बसवून मी जुनी रद्दी काढली, फ्रिज सरकवला, कपाटे साबणाच्या पाण्याने पुसली, आणि धूळ उडवणाऱ्या झाडूऐवजी रोज ओले फडके वापरू लागले. सर्वांत चिवट काम हेच होते.

मोरीच्या पाइपाभोवतीची फट आम्ही सिमेंटने बुजवली आहे; पण पाइप सामाईक असल्याने शेजारच्या काकूंनाही सर्व सांगितले, आणि त्यांच्याकडे येत्या रविवारी जेल लावायचे ठरले आहे.